शेवट लिहितं कोण? अ‍ॅनिमे आणि अमेरिकन अ‍ॅनिमेशन मालिका

शब्दवेल:

(या धाग्यात बऱ्याच मालिकांचे शेवट उघड होणार आहेत. ज्यांना अजून बघायच्या आहेत त्यांनी आधी बघून या.)

'फुलमेटल अल्केमिस्ट' या अ‍ॅनिमेची, म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशन मालिकेची, एकच गोष्ट दोनदा संपली आहे. २००३ साली बोन्स स्टुडिओने मालिका सुरू केली तेव्हा हिरोमु अराकावा यांची मूळ मांगा (जपानी चित्रकथा) निम्मीही झाली नव्हती. त्यामुळे त्या ५१ भागांना पुढची वाट स्वतःच शोधावी लागली. तिच्या शेवटी नायक एडवर्ड धाकट्या भावासाठी, आल्फोन्ससाठी, स्वतःला पणाला लावतो आणि तुमच्या-आमच्या जगात, १९२१ च्या म्युनिकमध्ये येऊन पडतो. आल्फोन्सला गमावलेलं शरीर परत मिळतं, पण दहा वर्षांच्या मुलाचं, आणि भावाबरोबरच्या भटकंतीतलं त्याला काहीच आठवत नसतं. एक भाऊ या जगात, एक त्या जगात.

पुढे २००९ मध्ये त्याच स्टुडिओने 'ब्रदरहूड' केली. ६४ भाग, आणि या वेळी मांगाला धरून. अराकावांनी २०१० च्या जूनमध्ये मांगा संपवली, जुलैच्या सुरुवातीला मालिकाही संपली. इथे एडवर्ड आपली अल्केमीच, म्हणजे किमयेची विद्याच, कायमची देऊन टाकतो आणि त्या बदल्यात भावाला घरी आणतो.

भाऊ तेच, मेलेल्या आईला परत आणायचा अघोरी प्रयत्न तोच, शेवट मात्र दोन टोकांचे. आणि दोन्ही जपानीच. म्हणून 'जपानी लोक रडवून संपवतात, अमेरिकन हसवून' हे जे सर्रास बोललं जातं ते मला पटत नाही. माझ्या मते बघायचं ते हे की शेवट कुणाच्या डोक्यात आहे आणि तो लिहायची मुभा त्याला आहे का. जपानमध्ये बहुतेक वेळा मांगा काढणारा एक माणूस असतो आणि गोष्ट त्याची असते. अमेरिकेत वाहिनी एकेक सीझन मंजूर करते. पुढचा मिळणार की नाही हे लिहिणाऱ्यालाच माहीत नसतं, मग तो शेवट पोटात ठेवून लिहिणार कसा?

'समुराई जॅक' आठवते? अकू या राक्षसाने जॅकला भविष्यात फेकलंय, त्याला परत जाऊन अकूला संपवायचंय, हे दर भागाच्या सुरुवातीला सांगायचे. ५२ भाग झाले, २००४ मध्ये मालिका थांबली, आणि त्या शेवटच्या भागात जॅक एक तान्हं बाळ सांभाळत असतो. पुढे काही नाही. तो परत गेला का, हे कळायला २०१७ उजाडलं. मालिकेचा निर्माता गेन्डी टार्टाकोव्स्कीने दहा भागांत गोष्ट पुरी केली, पण अकूचा मूळ आवाज, माको, २००६ मध्येच गेले होते. त्या शेवटात जॅकला भूतकाळात नेते ती अकूचीच मुलगी आशी. अकू मरतो, आणि तो नाही तर तीही नाही, म्हणून ती ऐन लग्नात विरून जाते. शेवट अमेरिकन आहे, सुखाचा मुळीच नाही.

तुमचे अनुभव, तुमच्या मालिका सांगा. मतभेद तर हवेतच.

घाटमाथा:

विषय जिव्हाळ्याचा आहे, पण 'अवतार: द लास्ट एअरबेंडर'ला वगळून अमेरिकेबद्दल बोलता येणार नाही. २००५ ते २००८, तीन पर्वं, ६१ भाग. पाणी, पृथ्वी, अग्नी. नायक आंगला या तीन तत्त्वांवर ताबा मिळवायच्या विद्या शिकायच्या आहेत आणि धूमकेतू येण्याआधी शिकायच्या आहेत, ही मुदत पहिल्या पर्वातच ठरते. म्हणजे शेवट पहिल्यापासून समोर आहे. आणि हे निकेलोडियनवर, लहान मुलांच्या वाहिनीवर झालं.

तरी मला त्या शेवटात एक गोष्ट खुपते. आंग भिक्षूंच्या हाताखाली वाढलेला मुलगा, त्याला खलनायक अग्निराजा ओझाईला मारायचं नाही. सगळे त्याला सांगतात की मार. मागच्या जन्मीचे अवतारसुद्धा तेच सांगतात. हा पेच इतका खरा आहे की मी श्वास रोखून बघत होतो. आणि मग चार भागांच्या त्या शेवटात एक प्रचंड सिंहकासव समुद्रातून येतं आणि त्याला अशी विद्या देतं की समोरच्याची शक्तीच काढून घेता येते. पेच सुटला, पण आंगने तो स्वतः सोडवला असं मला वाटलं नाही.

याच्या शेजारी 'ब्रदरहूड' ठेवा. काही मिळवायचं तर तेवढंच द्यावं लागतं, हा नियम पहिल्या भागापासून आपल्या कानावर आहे. शेवटी एडवर्ड जे देतो ते ६४ भाग आपल्या डोळ्यांसमोर होतं, फक्त ते देता येईल हे आपल्याला सुचलेलं नसतं. मला शेवट असा आवडतो.

रुईपान:

घाटमाथा, कासव आभाळातून पडलेलं नाही. दुसऱ्या पर्वात वाळवंटातल्या ग्रंथालयाचा भाग आहे ना, तिथे आंग पुस्तक चाळताना सिंहकासवाचं चित्र बघतो आणि तसं बोलूनही दाखवतो. खूण ठेवलेली आहे.

घाटमाथा:

ते ठाऊक आहे. चित्र दिसणं वेगळं आणि आधार तयार होणं वेगळं. त्या चित्रानंतर दीड पर्व कुणी त्याचा विचारही करत नाही. याच शेवटात ओझाईचा मुलगा झुको बापाला तुरुंगात जाऊन विचारतो, माझी आई कुठे आहे? त्या प्रश्नाचा आधार किती भक्कम आहे बघा! आणि नेमकं त्याचं उत्तर मालिकेत नाही, ते २०१३ च्या कॉमिक्समध्ये मिळालं.

कोकणकडा:

जुन्या अमेरिकन कार्टूनना शेवटच का नसायचा, याचं कारण व्यवहारात आहे. मालिका आधी एका ठिकाणी दाखवायची आणि मग देशभरच्या स्थानिक केंद्रांना विकायची अशी पद्धत होती. आठवड्याचे पाच दिवस, तेरा आठवडे, म्हणून ६५ भाग हा सोयीचा आकडा. विकत घेणारं केंद्र ते कुठल्याही क्रमाने दाखवणार. मग प्रत्येक भागाच्या अखेरीस सगळं जिथल्या तिथे यायला हवं. अशा मालिकेत शेवटचा भाग म्हणजे उलट अडचण, कारण तो मध्येच लागला तर काय करणार?

याचा बळी म्हणजे १९८३ ते ८५ ची 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. करमणूक उद्यानातल्या एका राइडमध्ये बसलेली सहा मुलं दुसऱ्या जगात जातात आणि घरी परतायची वाट शोधत राहतात. २७ भागांनंतर मालिका बंद. मुलं तिकडेच. मायकेल रीव्ह्ज या लेखकाने शेवटच्या भागाची पटकथा लिहिली होती, तिच्यात घरी जायचं दार उघडतं. ती कधी चित्रित झाली नाही. पुढे त्यांनी ती लोकांना वाचायला खुली केली. त्या काळी लहान असलेल्या प्रेक्षकांनी मोठेपणी ती कागदावर वाचली, हे मला फार लागतं.

टूडीवाला:

मी पुण्यात टूडी अ‍ॅनिमेशनच्याच कामात आहे, म्हणून जपानच्या बाजूबद्दल थोडं लिहितो. शब्दवेल, तुम्ही मांगाकाराला जरा जास्तच मोकळीक देताय.

अ‍ॅनिमे सहसा एकट्या स्टुडिओच्या पैशावर होत नाही. प्रकाशक, टीव्ही वाहिनी, संगीत कंपनी, खेळणी बनवणारे असे सगळे मिळून समिती करतात आणि भांडवल घालतात. स्टुडिओ बऱ्याचदा फक्त काम करून देणारा. यात प्रकाशकाच्या दृष्टीने मालिका म्हणजे मांगाची जाहिरात. बारा-तेरा भाग दाखवायचे, लोकांनी उत्सुकतेने पुस्तकं विकत घेतली की काम झालं. गोष्ट अर्धी राहिली तरी समितीचं काही अडत नाही. अशा अर्ध्या राहिलेल्या मालिका जपानमध्ये ढिगाने आहेत, आणि आपण त्यांना 'न संपलेल्या' म्हणत नाही, 'दुसरा सीझन कधी?' म्हणत वर्षानुवर्षं थांबतो.

'इनुयाशा' १६७ भागांनंतर २००४ मध्ये थांबली तेव्हा खलनायक नाराकू जिवंत होता. मांगा २००८ ला संपली, मग २००९ मध्ये आणखी २६ भाग करून शेवट केला. 'ब्लीच' ३६६ भागांवर २०१२ च्या मार्चमध्ये बंद झाली आणि शेवटच्या युद्धाला २०२२ च्या ऑक्टोबरपर्यंत मुहूर्त लागला नाही. तुमच्या जॅकपेक्षा हे फार वेगळं आहे का?

आणि मांगाकार तरी कुठे स्वतंत्र? 'शोनेन जंप' या मांगा साप्ताहिकात वाचकांची मतं पोस्टकार्डावर मागवतात. मतं घसरली की मालिका गुंडाळायला सांगतात. 'शामान किंग' २००४ मध्ये अशीच अर्धवट थांबली. खरा शेवट काही वर्षांनी नव्या आवृत्तीत आला आणि पडद्यावर तर २०२१ ला सुरू झालेल्या नव्या मालिकेत.

सगळ्यात वाईट वाटलं ते 'प्रॉमिस्ड नेव्हरलँड'चं. २०२० मध्ये मांगा पूर्ण झालेली. म्हणजे शेवट हातात होता. तरी २०२१ चा दुसरा सीझन ११ भागांत उरकला, मधली आख्खी प्रकरणं गाळली, आणि अखेरीस जे व्हायला हवं होतं ते स्थिरचित्रांच्या मालेत दाखवून मोकळे झाले. पहिला सीझन ज्या हातांनी इतक्या संयमाने रंगवला होता, त्या कामाचं असं व्हावं! यातल्या प्रत्येक चौकटीमागे किती लोकांच्या रात्री असतात हे माहीत असल्यामुळे मला ते बघवलं नाही.

शब्दवेल:

टूडीवाला, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. नेव्हरलँडच्या उदाहरणाने मुद्दा पुढे सरकतो. शेवट माहीत असणं पुरत नाही, तिथवर चालत जायला भाग लागतात, आणि भाग किती ते पैसे घालणारे ठरवतात. मग दोन्ही देशांत दुखणं एकच आणि रूपं वेगळी. अमेरिकेत लिहिणारा दर सीझनला एक असा शेवट करून ठेवतो की वेळ पडली तर तोच अखेरचा ठरावा. 'फ्युचरामा'त हे किती वेळा झालं! २००३ ला एकदा संपली, चित्रपटांनंतर पुन्हा, २०१३ ला पुन्हा, आणि २०२३ पासून परत चालू. 'अवतार'च्या पुढची मालिका 'कोरा', तिचं पहिलं पर्व स्वतंत्र छोटी मालिका म्हणून बेतलेलं होतं, म्हणून त्या पर्वाच्या शेवटी सगळं इतकं झटपट जागेवर येतं. जपानमध्ये उलट, शेवट कुठेतरी छापलेला असतो आणि पडदा तिथवर पोचत नाही.

रुईपान:

'इव्हँजेलियन'चं नाव अजून कसं आलं नाही? ऑक्टोबर १९९५ ते मार्च १९९६, २६ भाग. ती मांगावरून केलेली नाही. हिदेआकी आन्नोंची स्वतःची गोष्ट, शेवटही त्यांचाच. म्हणजे शब्दवेल म्हणतात तसा शेवटाचा धनी ठरलेला. आणि त्यांनी काय केलं? यंत्रं, राक्षस, जगाचा अंत, सगळं बाजूला ठेवलं आणि शेवटचे दोन भाग नायक शिंजीच्या मनात नेले. रेखाटनं, स्थिरचित्रं, खुर्चीवर बसलेली पात्रं, प्रश्न. शेवटी सगळे गोल उभे राहून टाळ्या वाजवतात, अभिनंदन करतात. वेळ आणि चित्रं दोन्ही कमी पडली होती हे उघड दिसतं. तरी मला ते दोन भाग प्रिय आहेत. स्वतःचा तिरस्कार करणारं चौदा वर्षांचं पोर 'मी इथे असलो तर चालेल' इथवर येतं, हे त्या गोष्टीचं खरं युद्ध होतं.

लोक चिडले. १९९७ च्या जुलैमध्ये चित्रपट आला, 'एंड ऑफ इव्हँजेलियन', आणि त्याने बाहेरच्या जगाचं काय झालं ते दाखवलं, तेही इतकं भीषण की टाळ्या मागणाऱ्यांनी डोळे झाकावेत. स्टुडिओला आलेला संताप, भिंतीवर लिहिलेलं, पत्रांतलं, तेसुद्धा त्यात क्षणभर दिसतं. आणि मग २००७ पासून नव्याने चार चित्रपट, अखेरचा २०२१ च्या मार्चमध्ये. त्यात शिंजी मोठा झालाय आणि रेल्वे स्टेशनातून बाहेर पळत जातो. ते स्टेशन खरं आहे, यामागुची प्रांतातल्या उबे गावचं. आन्नो उबेचे. पंचवीस वर्षांनी माणसाने आपल्या नायकाला आपल्या गावी आणून सोडलं.

अमेरिकेत एकाच निर्मात्याला एकाच गोष्टीचे असे तीन शेवट करायला मिळाल्याचं मला आठवत नाही. नव्या माणसांना देऊन नवी मालिका काढतात, ते वेगळं.

घाटमाथा:

रुईपान, यावरून 'अटॅक ऑन टायटन' आठवली. इसायामांनी २००९ मध्ये सुरू केलेली मांगा २०२१ च्या एप्रिलमध्ये संपली, शेवटावर जगभर भांडणं झाली. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये अ‍ॅनिमेचा शेवटचा भाग आला तेव्हा नायक एरेन आणि त्याचा मित्र आर्मिन यांच्यातलं बोलणं बदललेलं होतं. घटना त्याच, पण आर्मिन आता मित्राच्या अपराधात स्वतःचा वाटा मान्य करतो. किती फरक पडला त्याने!

त्या भागात श्रेयनामावली चालू असताना काळ पुढे जातो आणि ज्या बेटासाठी एवढा संहार झाला ते बेटही कालांतराने युद्धात बेचिराख होतं. माझ्या मित्राला हे निराशेचं वाटलं. मला नाही वाटलं. आपण महाभारत ऐकत वाढलेली माणसं. युद्ध जिंकल्यावर स्त्रीपर्व येतं, रडणाऱ्या बायका येतात, शांतिपर्व येतं, यादव आपापसात मरतात, आणि पांडव सगळं सोडून चालू लागतात. विजयाच्या क्षणी गोष्ट थांबवायची नसते हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही.

मनवाची_आई:

सगळं वाचतेय. माझी मुलगी बारा वर्षांची, आमच्याकडे मालिका तिच्यामुळेच चालू असतात, म्हणून लहान मुलांच्या बाजूने दोन गोष्टी.

'डोरेमॉन'बद्दल कुणी लिहिलं नाही. आपल्या घरोघरी तो हिंदी बोलतो, आणि मुलं एकदा तरी विचारतातच की शेवट काय आहे. त्याचे मांगाकार फुजिको एफ. फुजिओ १९९६ मध्ये गेले, अधिकृत शेवट न लिहिता. पण १९७४ मध्ये एकदा त्यांनी निरोपाची गोष्ट लिहिली होती. डोरेमॉनची मांगा इयत्तेप्रमाणे निघणाऱ्या मासिकांत छापली जायची, मुलं वरच्या इयत्तेत जायची, त्यामुळे तिसरीच्या वर्षअखेरीच्या अंकात त्यांनी निरोप घातला. डोरेमॉनला भविष्यात परत जायचंय. त्याने काळजी न करता जावं म्हणून त्याचा मित्र नोबिता रात्री दांडगट जियानशी एकटा भिडतो, मार खातो, पण सोडत नाही. शेवटी जियानच कंटाळून निघून जातो. सकाळी डोरेमॉन गेलेला असतो.

आणि चौथीच्या पहिल्या अंकात तो परत येतो! नोबिताने असं औषध प्यायलंय की बोलेल त्याच्या उलट घडतं, आणि तो रडत म्हणतो की डोरेमॉन आता कधीच येणार नाही. २०१४ च्या 'स्टँड बाय मी डोरेमॉन'मध्ये हे दोन्ही घेतलंय. मनवा ते बघून हुंदके देऊन रडली आणि लगेच हसली. नोबिता एकटा उभा राहू शकतो हे सिद्ध झालं आहे, म्हणून डोरेमॉन परत आला तरी शेवटाचं मोल कमी होत नाही. माझ्या दृष्टीने तोच त्या गोष्टीचा शेवट. पुढचं सगळं मुलांसाठी चालू ठेवलेलं आहे, आणि ते चालू राहावंच.

दुसरी 'ग्रॅव्हिटी फॉल्स'. अ‍ॅलेक्स हर्शने ४० भागांनंतर, २०१६ च्या फेब्रुवारीत, आपण होऊन थांबवली. वाहिनीने बंद पाडलेली नाही. बहीण-भावाची सुट्टी संपते, ती बसने घरी जातात.

टूडीवाला:

'ग्रॅव्हिटी फॉल्स'चा बांधीवपणा मान्य. पण त्यात स्टॅन आजोबा खलनायक बिलला हरवण्यासाठी स्वतःची स्मृती पुसून घेतात, आणि त्याच भागात त्या बहिणीची, मेबलची, चिकटवही वाचता वाचता ती परत यायला लागते. किंमत मोजली आणि लगेच परत मिळाली. 'मादोका'मध्ये बघा, २०११, फक्त बारा भाग. मादोका जगातून नाहीशी होते, तिच्या आईलासुद्धा ती आठवत नाही. मैत्रीण होमुरा आणि छोट्या भावाची धूसर आठवण सोडली तर कुणालाच नाही. ते नुकसान मालिकेत कुणी भरून देत नाही. (२०१३ च्या चित्रपटाने तो शेवट उलथवला, त्यावर वेगळा धागा काढावा लागेल.)

मनवाची_आई:

टूडीवाला, स्मृती गेलेलं माणूस मी घरात बघितलंय, सासूबाईंच्या रूपाने. जुने फोटो दाखवत बसलं की कधी कधी चेहऱ्यावर ओळख उमटते, त्या क्षणासाठी आपण रोज बसतो. त्यामुळे मेबल वही उघडून आजोबांजवळ बसते तेव्हा मला ती लेखकाने दिलेली सूट वाटत नाही. ती पोरगी हार मानत नाही एवढंच दिसतं. आमच्या घरी ते परत आलं नाही, पण दहा वर्षांच्या मुलाला बघायला दिलेल्या गोष्टीत ते यावं, असंच मी म्हणेन.

टूडीवाला:

ताई, तुम्ही सांगितलंत तसं मी त्या दृश्याकडे बघितलं नव्हतं. पुन्हा बघतो.

कोकणकडा:

अलीकडच्या अमेरिकन शेवटांत मला सर्वांत वर ठेवावेसे वाटतात ते दोन. एक 'अ‍ॅडव्हेंचर टाइम', २०१८ च्या सप्टेंबरमध्ये संपली. तिचा शेवट हजार वर्षांनंतरच्या दोन नव्या पात्रांपासून सुरू होतो, त्यांना फिन आणि जेक माहीतही नाहीत. आपल्या नायकांची गोष्ट त्यांना बीमो सांगतो. दुसरी 'बोजॅक हॉर्समन', २०२०. शेवटी गच्चीवर बोजॅक आणि डायान बसलेत, बोलणं संपत आलंय, आणि ही मैत्री इथे थांबणार हे दोघांना कळलंय. त्याला शिक्षा झाली, पण गोष्ट तिथे संपत नाही. माफी मिळाली म्हणावं तर तेही नाही. या दोघींना शेवटाकडे शांतपणे जायला वेळ मिळाला. तो 'आउल हाउस'ला मिळाला नाही, तिसरा सीझन तीन विशेष भागांवर आणला आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये संपवली. त्या तीन भागांत डेना टेरेस आणि मंडळींनी जे बसवलं ते बघून कौतुक वाटतं, आणि वीस भाग मिळाले असते तर काय झालं असतं हा विचार काही जात नाही.

मनवाची_आई:

शब्दवेल, मनवाने हा धागा माझ्या खांद्यावरून वाचलाय (काही शेवट कळले, तिची हरकत नाही म्हणते). आता तिला 'फुलमेटल' बघायचीय. कुठली आधी? आणि बाराव्या वर्षी चालेल का?

शब्दवेल:

आधी २००९ ची 'ब्रदरहूड', कारण तिच्यात अराकावांची गोष्ट पूर्ण मिळते. २००३ ची नंतर, ती पंधरा-सोळाची झाल्यावर. तिची उदासी तेव्हा जास्त पोचेल, आणि तिच्यानंतर २००५ चा चित्रपट बघायलाच लागतो, नाहीतर दोन भावांची ताटातूट तशीच राहते. वयाचं म्हणाल तर रक्तपात आहे, पण उगाच नाही. फक्त 'ब्रदरहूड'चा चौथा भाग तिला एकटीला बघू देऊ नका. त्यात नीना नावाची छोटी मुलगी आणि तिचा कुत्रा आहे. तुम्ही शेजारी बसा, आणि त्या दिवशी पाचवा भाग लगेच लावू नका, तिला बोलायचं असेल.